चर्चमध्ये प्रदर्शन : देवळालीच्या निमित्ताने थोडा इतिहास

रौप्यमहोत्सवाच्या कार्यक्रमांत जुन्या देवळालीचे फोटो आणि वस्तूंचं एक छोटं प्रदर्शन भरवावं, असं मॅनेजिंग कमिटीत ठरलं तेव्हा कुणाचा विरोध नव्हता. विरोध आला तो जागेला. आपल्या सोसायटीला हॉल नाही. पार्किंगमध्ये मांडव घालावा तर धूळ, आणि गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न, ज्यावर आपल्याकडे पंचवीस वर्षांत एकमत झालेलं नाही. जवळच्या चर्चच्या मंडळींनी आपणहून सांगितलं, की रविवार सोडून तीन दिवस आमची जागा वापरा, भाडं नको, वीजबिल तेवढं भरा. इतकी चांगली ऑफर, पण 'आपलं प्रदर्शन चर्चमध्ये कशाला?' हा प्रश्न तीन जणांनी तीन तऱ्हांनी विचारला. एकांना वाटलं, आपली वयस्क मंडळी आत पाऊल टाकणार नाहीत. दुसऱ्यांना काळजी चर्चचीच, की तिथल्या नेहमीच्या लोकांना हे आवडणार नाही आणि उगाच मनं दुखावतील. तिसऱ्या एक वहिनी, त्या थेट बोलतात, म्हणाल्या, "येशूसमोर आमच्या सासऱ्यांचा फोटो लावायचा?"

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी देवळालीचा इतिहास गोळा करतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, काहींना जरा जास्तच ठाऊक आहे. मी म्हटलं, स्मरणिकेत लिहितो, वाचा, आणि मग सर्वसाधारण सभेत ठरवा. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट म्हणजे देवासमोर देवाव्यतिरिक्त काही करण्याची पद्धत आपल्याला मुळीच नवी नाही. गावच्या कुठल्याही जुन्या देवळात गाभारा वेगळा आणि सभामंडप वेगळा. गाभाऱ्यात पुजारी, आणि सभामंडपात कीर्तन, पुराण, गावकीची बैठक, पावसाळ्यात वाटसरूंचा मुक्काम, आणि कधीकधी शाळासुद्धा. नावातच 'सभा' आहे. युरोपातल्या जुन्या चर्चची रचनाही थोडीफार अशीच. पूर्वेकडचा वेदीचा भाग धर्मगुरूंचा, आणि बाकांचं मोठं दालन गावाचं. इंग्लंडमध्ये तर वेदीकडच्या भागाच्या डागडुजीचा खर्च धर्मगुरूकडे आणि मोठ्या दालनाचा गावकऱ्यांकडे, अशी विभागणी शतकानुशतकं होती. ज्याने छप्पर शाकारायचं त्याने ते वापरायचं, हा हिशेब मला तरी पटतो. त्या दालनात मध्ययुगात गावाच्या सभा होत, वाद मिटवले जात, आणि चर्चसाठी पैसे जमवायला मेजवान्याही होत. बसायची बाकं सगळीकडे आली ती नंतर. आधी ती मोकळी जागाच होती.

आता आपल्याकडे या. मुंबईच्या फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथीड्रल आपण सगळ्यांनी पाहिलं नसेल, पण त्याचं नाव रोज घेतो. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे जाता येई, तो चर्चगेट. गव्हर्नर ऑन्जिअरच्या काळात सुरू झालेलं हे बांधकाम सुमारे चाळीस वर्षं अर्धवट पडून होतं. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने वर्गणी जमवून ते पुरं केलं आणि १७१८च्या नाताळच्या दिवशी ते उघडलं. त्या दिवशीच्या समारंभाला रामा कामती आपल्या सगळ्या जातभाईंसह हजर होता, आणि प्रार्थना संपेपर्यंत ही मंडळी उभी राहून पाहत होती, असं वर्णन नोंदलेलं आहे. हा रामा कामती म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हे. मुंबईतला तो बडा शेणवी व्यापारी, आणि वाळकेश्वरच्या देवळाच्या बांधणीशी त्याचंच नाव जोडलेलं आहे. ज्याने वाळकेश्वर बांधलं तो चर्चच्या उद्घाटनाला आला, आणि तीनशे वर्षांपूर्वी त्याच्या धर्माचं काही बिघडलं नाही. (पुढे याच रामा कामतीवर आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनीने त्याला कैदेत टाकलं, आणि पुरावा म्हणून पुढे केलेलं पत्र बनावट होतं. पण तो वेगळा विषय, आणि बनावट सह्यांवर मी सुरू झालो तर स्मरणिका मलाच पुरायची नाही.)

या कॉबचा आपल्या देवळालीशी संबंध आहे. त्याच १७१८ साली त्याने गरीब मुलांसाठी एक धर्मादाय शाळा काढली. पुढे १८१५ साली आर्चडीकन जॉर्ज बार्न्स यांच्या पुढाकाराने बॉम्बे एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि ती शाळा तिच्याकडे आली. भायखळ्याला बरीच वर्षं काढल्यावर १९२५ साली शाळा देवळालीला आली, तीच आपली बार्न्स स्कूल. आपल्या सोसायटीतली निदान दहाबारा मुलं तिथे शिकली. म्हणजे त्यांच्या शाळेची मुळं मुंबईच्या त्या चर्चपाशी जातात.

पण सगळीकडे असं सुरळीत झालं नाही. पुण्याच्या पंचहौद मिशनची हकिकत आपल्यातल्या ज्येष्ठांनी वाचली असेल. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पवित्र नाम देवालयाशेजारच्या त्या मिशनमध्ये एका व्याख्यानाला पुण्यातली बडी बडी मंडळी गेली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा आला. कुणी प्यायला, कुणी नुसता कप उचलून ठेवला. गोपाळराव जोशी (डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, खोडसाळपणात त्यांचा हात धरणारा नव्हता) यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली. झालं! ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, आणि शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका कपासाठी! रानड्यांनी ते घेतल्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावले, आणि न घेतलं असतं तर सनातन्यांनी लावले असते. आपले कमिटी मेंबर ज्या भीतीने बोलले, तिचं मूळ अशा गोष्टींत आहे, म्हणून मी ती हसण्यावारी नेत नाही. पण १८९०ला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, आणि आपण सगळे नाताळचा केक खातो.

उंबरठ्याचा प्रश्न नाशिककरांनी तर फार जवळून पाहिलेला आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिरासमोर डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. स्थानिक बाजू दादासाहेब गायकवाडांनी सांभाळली आणि तो वर्षानुवर्षं चालला. तिथे माणसं दार उघडा म्हणून उन्हात उभी राहिली. त्याच जिल्ह्यात आज कुणी आपणहून दार उघडून बोलावतंय आणि आपण आत जायचं की नाही याची चर्चा करतोय. यावर मी अधिक काही लिहीत नाही.

आता देवळालीतच हे चर्चमध्ये का शोभतं, ते सांगतो. लष्करी छावणीतलं चर्च साध्या गावातल्या चर्चपेक्षा वेगळं. १० मे १८५७ला, रविवारी संध्याकाळी, मीरतला उठाव झाला, त्या वेळी गोरे शिपाई चर्चला निघण्याच्या तयारीत होते. पुढे छावण्यांमध्ये शिपाई बंदुकीसह प्रार्थनेला जाऊ लागले, आणि बाकांना बंदूक टेकवायच्या खाचा ठेवल्या गेल्या. कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये अशी बाकं आहेत. हे चर्च ७ जानेवारी १८५८ला उघडलं, आणि बांधलंच मुळी पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणासाठी. आत संगमरवरावर नावंच नावं. भाविक नसलेला माणूसही आत गेला की आपोआप भिंती वाचायला लागतो. माझ्या मते तेही एक प्रदर्शनच, कायमचं मांडलेलं.

देवळाली ही येण्याजाण्याची जागा. १८६०च्या दशकात आगगाडी इकडे आली आणि घाटावरच्या या थंड हवेत इंग्रजांनी छावणी वसवली. बोटीतून उतरलेले गोरे शिपाई इथे यायचे आणि मग आपापल्या पलटणीला जायचे. मुदत संपलेले परत इथेच येऊन बोटीची वाट बघायचे. बोटी हिवाळ्यात सुटत. ज्याची मुदत भलत्या वेळी संपली तो महिनोन्‌महिने इथे बिनकामाचा पडून राही, आणि त्यातले काही भ्रमिष्ट होत. त्यावरून इंग्रजीत 'डूलॅली' हा शब्द आला, आणि त्याला जोडून 'टॅप', म्हणजे आपला ताप! आपल्या गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात वेडाच्या नावावर आहे हे मी पाहुण्यांना सांगतो, तेव्हा ते माझ्याकडे निरखून बघतात.

पहिल्या महायुद्धात इथे मोठी लष्करी इस्पितळं उघडली. वेल्समधून आलेलं चौतीस नंबरचं जनरल हॉस्पिटल त्यातलंच. मेसोपोटेमियाच्या आघाडीवरचे जखमी आणि आजारी मुंबईच्या बंदरात उतरून गाडीने इथे येत. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नजरकैदी इथे ठेवले होते. तिबेटवरच्या पुस्तकाने गाजलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर डेहराडूनला नेला जाण्याआधी देवळालीच्याच तळावर होता. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचा कॅम्प पडला. पारशी, गुजराती मंडळींनी लॅम रोडच्या बाजूला सॅनेटोरियमं बांधली आणि हवापालटाला येत राहिली. मग तोफखान्याची शाळा, तिचे ऑफिसर, त्यांच्या दोन-तीन वर्षांनी होणाऱ्या बदल्या. आपल्या सोसायटीतही मूळ देवळालीचं म्हणावं असं घर शोधून सापडेल. मी स्वतः बदलीवरच आलो आणि राहिलो.

येणाराजाणाऱ्यांच्या गावात कागद टिकत नाहीत. पलटण हलली की तिचं दप्तर हलतं. चर्चचं रजिस्टर मात्र इमारतीबरोबर राहतं. कोण जन्मलं, कुणाचं लग्न झालं, कोण पुरलं गेलं. कंपनीच्या काळापासून अशी पद्धत होती की छावण्यांतल्या पाद्र्यांनी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींच्या नकला वर पाठवायच्या आणि तिथून त्या लंडनला जायच्या. मुंबई इलाख्याच्या या नकलांचे खंड आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. बँकेत आम्ही रोजच्या व्हाउचरची दुसरी प्रत हेड ऑफिसला पाठवायचो तसंच हे. त्यामुळे देवळालीत कोण कोण राहून गेलं हे कुणाला शोधायचं असेल तर तो लंडनला बसून शोधू शकतो, आणि आपण इथे चर्चच्या शेजारी राहून शोधू शकत नाही. इथे मेलेल्या शिपायांचंही तेच. पहिल्या महायुद्धातल्या ज्यांच्या कबरी देशभरातल्या छावण्यांच्या दफनभूमींत आहेत आणि ज्या नीट राखणं शक्य राहिलं नाही, अशा अठराशेहून जास्त जणांची नावं पुण्याला खडकीच्या युद्धस्मारकावर कोरली आहेत. देवळालीच्या दफनभूमीतली नावंही त्यांत आहेत. कबर इथे आणि नाव खडकीला.

नाशिकच्या शरणपूरचं उदाहरण याहून बोलकं आहे. आज शरणपूर रोड म्हटलं की दुकानं आणि ट्रॅफिक. एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेलं ख्रिस्ती गाव होतं, आणि अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं तिथे आणून ठेवली जात. ती शिकायची, सुतारकाम, लोहारकाम करायची. त्यांतला जेकब वेनराइट पुढे डॉक्टर लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेत गेला. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्या सोबत्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या दफनाच्या वेळी शवपेटीला हात लावून चालणाऱ्यांतही होता. नाशिकला शिकलेला मुलगा! मिशनचे प्राइससाहेब पुढे मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला गेले आणि शरणपूरची बरीच आफ्रिकन मंडळीही तिकडे वसली. या 'बॉम्बे आफ्रिकन' लोकांवर २००७ साली एक प्रदर्शन झालं. कुठे? लंडनला, रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत. शरणपूर रोडवर त्याचा एक बोर्डसुद्धा मी पाहिलेला नाही.

माझी मुलगी इंग्लंडमध्ये असते. नोव्हेंबर २०१८ला आम्ही तिच्याकडे होतो. पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं होत होती, आणि तिकडे गावोगावच्या चर्चमध्ये प्रदर्शनं भरली होती. ती राहते त्या सॉमरसेटमधल्या लहानशा गावातलंही आम्ही पाहिलं. बाकांवर मधूनमधून माणसाच्या आकाराच्या पारदर्शक आकृती बसवलेल्या होत्या, त्या गावातून गेलेल्या आणि परत न आलेल्या माणसांसाठी. कडेला साध्या लाकडी फळ्यांवर पत्रं, पदकं, शाळेचे ग्रुप फोटो. मांडणी बेताचीच. एका फळीवर तर टाचणी निघून कोपरा लोंबत होता. पण गावातला प्रत्येक जण आपल्या घराण्याच्या वस्तूसमोर उभा राहून दुसऱ्याला काहीतरी सांगत होता. १९१४च्या ऑक्टोबरमध्ये त्या भागातल्या टेरिटोरियल पलटणी हिंदुस्थानात पाठवल्या गेल्या होत्या, त्यामुळे पोस्टकार्डं आपल्याकडची होती. एकावर ठिकाण लिहिलं होतं, देवळाली. मी हिला हाक मारली ती बहुधा जरा मोठ्याने, कारण मागे वळून सगळ्यांनी पाहिलं.

मग काय विचारता! 'तुम्ही तिथले?' म्हणून आम्हाला चहा आणि केकचा तुकडा देऊन बसवलं आणि तासभर सोडलं नाही. हवा कशी आहे, ती बराकी अजून आहे का, माझे आजोबा सांगायचे की तिथे संध्याकाळी गार वारा सुटतो, तो खरा का. मी सांगितलं, खरा. त्या मंडळींत चर्चला नेमाने जाणारे किती होते हे मी विचारलं नाही, पण एक आजोबा स्वतःच म्हणाले की मी इथे लग्नाला, मयताला आणि प्रदर्शनालाच येतो.

वहिनींचा प्रश्न शिल्लक राहिला, देवासमोर फोटो लावण्याचा. तो उलट बाजूनेही खरा आहे. चर्चच्या माणसांनाही वाटू शकतं की पूजेची जागा म्युझियम होईल. गोव्याच्या मंडळींनी यावर एक तोडगा काढला. चर्च आणि मठांतल्या जुन्या मूर्ती, चांदीची पात्रं, हस्तिदंती कोरीव कामं यांचं ख्रिस्ती कलासंग्रहालय १९९४ला आधी रायतूरच्या सेमिनरीत उघडलं आणि २००२ला ओल्ड गोव्याच्या सांता मोनिका मठाच्या वास्तूत नेलं. वस्तू भक्तीच्या परिसरातून बाहेर गेल्या नाहीत, आणि काचेत आल्यामुळे चोरी आणि वाळवी दोन्हींपासून वाचल्या. आपलं काम याहून सोपं आहे. वेदीकडचा भाग दोरी लावून बंद ठेवायचा, तिकडे काहीच मांडायचं नाही, पाठ करून फोटो काढायचे नाहीत. फळ्या फक्त बाकांच्या बाजूने. भिंतीत एकही खिळा नाही. शनिवारी संध्याकाळी सहाला सगळं उचललेलं हवं, म्हणजे रविवारची प्रार्थना त्यांची त्यांना. मौल्यवान वस्तूंच्या कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली सोसायटीकडे आणि एक चर्चकडे. दोघं आल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. बँकेच्या स्ट्राँगरूमला हीच पद्धत असते आणि ती अविश्वासातून आलेली नाही. दोघांपैकी कुणावरही नंतर बोट दाखवलं जाऊ नये म्हणून ती असते. वस्तू घेताना रजिस्टरमध्ये नोंद, मालकाची सही, परत देताना पुन्हा सही. हे रजिस्टर मी ठेवीन.

वस्तू यायला लागल्या आहेत, म्हणून जागेचं लवकर ठरलेलं बरं. बी विंगमधल्या सिंधी कुटुंबाने आजोबांचं कॅम्पातलं रेशनकार्ड देऊ केलंय, घड्या पडलेल्या ठिकाणी फाटलेलं आहे, तेव्हा लॅमिनेशन करू नका, काचेखाली ठेवा. तळमजल्यावरच्या पारशी बाईंकडे सॅनेटोरियमच्या दोन पावत्या आहेत. निवृत्त सुभेदारसाहेब तोफखान्यातला ग्रुप फोटो देणार आहेत, मागे सगळ्यांची नावं लिहिलेला. खंडोबाच्या टेकडीचा एक जुना फोटो आलाय, पायथ्याला एकही घर नसलेला. आणि चर्चच्या वृद्ध पाळकांनी, 'आमचंही काही चालेल का?' असं विचारून, एक लांबट वही दाखवली. हाताने आखलेली, पुठ्ठा निघालेला, पहिली काही पानं गेलेली. दफनांच्या नोंदी आहेत. मी चष्मा लावून पहिलं वाचता येणारं पान पाहिलं. वयाच्या रकान्यात बावीस, एकोणीस, चोवीस, एकोणीस, आणि एका ओळीत 'चार महिने'.